उद्यानातला क्रूस : स्मारक की अतिक्रमण?

सार्वजनिक जागेवरील जुन्या धार्मिक खुणांचे भवितव्य त्यांच्या वयापेक्षा सरकारी दप्तरातील नोंदीवर ठरत आहे. मुंबईतील दोन क्रुसांची वेगवेगळी कहाणी शहागंजसारख्या जुन्या वस्त्यांना पुरेसा इशारा देणारी आहे.

छत्रपती संभाजीनगर - शहागंजच्या चौकात उभे राहिले की तीनशे वर्षांचा इतिहास एका नजरेत मावतो. एका बाजूला अठराव्या शतकातील भव्य मशीद आणि तिच्या चौथऱ्याखाली थाटलेली दुकाने, समोर निजाम राजवटीत विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभारलेला घड्याळाचा मनोरा, अलीकडे महात्मा गांधी आणि सरदार पटेल यांचे पुतळे, आणि या साऱ्यांभोवती सकाळपासून रात्रीपर्यंत न थांबणारा बाजार. मुघल इतिहासकार खाफीखान याने शहागंजच्या विस्तीर्ण हौदाचा उल्लेख केला आहे. दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली याने त्या हौदाचे काम सुरू केले आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असताना तो रहिवाशांचे हाल कमी करतो, असे तो नोंदवतो. म्हणजे एकाच चौकात धर्म, पाणी, व्यापार, राजसत्ता आणि स्वातंत्र्यलढा यांच्या खुणा दाटीवाटीने नांदत आल्या आहेत.

यापैकी कोणती खूण ‘स्मारक’, कोणती ‘प्रार्थनास्थळ’ आणि कोणती ‘अतिक्रमण’, असा प्रश्न सामान्य नागरिकाला सहसा पडत नाही. महापालिकेला मात्र तो पडतो, आणि न्यायालयाचा आदेश हाती आला की त्याचे उत्तर ठरावीक मुदतीत द्यावे लागते. घड्याळाच्या मनोऱ्याचे उत्तर सोपे आहे. तो कोणत्याही धर्माचा नाही, म्हणून तो निर्विवाद वारसा ठरतो आणि स्मार्ट सिटी योजनेतून त्याचे जतनही होते. अडचण होते ती एकाच वेळी दोन्ही असलेल्या वास्तूंची. एखादी वास्तू जुनी आहे, ती कोणाची तरी किंवा कशाची तरी आठवण म्हणून उभी आहे, आणि तिच्यापुढे लोक हातही जोडतात. सार्वजनिक उद्यानात उभा असलेला जुना क्रूस हे या अडचणीचे सर्वांत नेमके उदाहरण होय. राज्यात त्याचा ठळक नमुना मुंबईत, चर्चगेटजवळच्या क्रॉस मैदानावर पाहायला मिळतो.

मैदानाला नाव देणारा क्रूस

ओव्हल मैदानाच्या उत्तरेला, वीर नरिमन रस्ता ओलांडला की क्रॉस मैदान लागते. त्याच्या उत्तर टोकाला पोर्तुगीज काळातील दगडी क्रूस आहे आणि मैदानाचे नावच त्याच्यावरून पडले आहे. या क्रुसाचा संबंध परंपरेने ‘नोसा सेन्योरा दा इस्पेरान्सा’, अर्थात आशामातेच्या चर्चशी सांगितला जातो. ब्रिटिश अमलात किल्ल्याभोवतीची जमीन तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी करण्याचे धोरण आले. १७६० च्या सुमारास हे चर्च त्या धोरणात गेले आणि त्याची पुनर्बांधणी काळबादेवी-भुलेश्वर भागात झाली. चर्च गेले, वस्ती गेली, नारळाच्या बागा गेल्या, क्रूस राहिला.

पुढच्या शंभर वर्षांत परिसर पुन्हा पालटला. १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले. मोकळ्या एस्प्लनेडमधून रस्ते काढण्यात आले आणि त्यातून आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे आजचे चार पट्टे निर्माण झाले. लष्करी कवायतीमुळे क्रॉस मैदानाला एके काळी ‘परेड ग्राउंड’ असेही म्हटले जाई. कवायती बंद झाल्या, क्रिकेटच्या खेळपट्ट्या आल्या. मैदानाच्या काही भागाची दुरवस्था झाली, तेव्हा परिसरातील नागरिकांच्या संस्थेने पुढाकार घेतला आणि २०१० च्या सुमारास तेथे उद्यान फुलले. २०११ मध्ये त्याच उद्यानात चरख्याची उंच पोलादी कलाकृती उभी राहिली. आज एका टोकाला पोर्तुगीज काळाचा क्रूस, दुसरीकडे गांधींचा चरखा, मध्ये खेळणारी मुले आणि पलीकडे फॅशन स्ट्रीटची गर्दी असे तिथले दृश्य आहे. क्रुसापाशी मेणबत्ती लावणाऱ्यांत केवळ ख्रिस्ती नसतात. कार्यालयात जाता जाता क्षणभर थांबणारे हिंदू आणि पारशीही त्यांत असतात.

या क्रुसाला हात लावण्याचा विचार आज कोणी करत नाही. त्यामागे केवळ त्याचे वय किंवा लोकांची श्रद्धा नाही. तो नकाशावर आहे, मैदानाच्या नावात आहे, शहराच्या इतिहासग्रंथांत आहे आणि वारसा परिसरात आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा संवर्धनाची नियमावली लागू झाली. देशातील कोणत्याही शहरातील ती पहिली अशी नियमावली मानली जाते. त्यामुळे या क्रुसाची ओळख श्रद्धाळूंच्या सांगण्यावर अवलंबून राहिली नाही. ती कागदावर आली.

साथीची आठवण

सर्वच क्रूस एवढे भाग्यवान नाहीत. मुंबईच्या जुन्या गावठाणांत, माझगावच्या माथारपाखाडीपासून वांद्र्याच्या रणवारपर्यंत, गल्लीच्या तोंडाशी किंवा चौकात शेकडो छोटे क्रूस आढळतात. त्यांतील अनेक क्रुसांचा इतिहास प्लेगशी जोडलेला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. क्रॉस मैदानापासून जवळच, मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. घराघरांची झडती, सक्तीचे विलगीकरण, रुग्णांना हलवणे यांचा धसका सर्व जातिधर्मांच्या लोकांनी घेतला. पुण्यात याच काळातील कठोर उपाययोजनांच्या संतापातून जून १८९७ मध्ये प्लेग आयुक्त रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

मुंबईतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांनी या काळात साथीपासून रक्षण व्हावे म्हणून आणि गेलेल्यांच्या स्मरणार्थ वेशीवर क्रूस उभारले. गावाच्या सीमेवर ग्रामदैवत असावे, तशी ही श्रद्धा. त्यांची भाषा मराठीची बोली, लग्नाची गाणी मराठी आणि वेशीवर क्रूस, असे हे अस्सल स्थानिक मिश्रण आहे. हे क्रूस प्रार्थनास्थळ आहेतच, पण ते शहराच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासाचे दगडी दस्तऐवजही आहेत. हजारो बळी घेणाऱ्या त्या साथीचे शहरात स्वतंत्र स्मारक म्हणावे असे फारसे काही नाही. जी आठवण आहे, ती या गल्लीबोळांतील क्रुसांत आहे.

नेमकी हीच दुहेरी ओळख प्रशासनाच्या चौकटीत बसत नाही.

तीन रकाने

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी गुजरातमधील एका प्रकरणात देशव्यापी परिणाम असलेला अंतरिम आदेश दिला. सार्वजनिक रस्ते, सार्वजनिक उद्याने व अन्य सार्वजनिक जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा आदींच्या नव्या अनधिकृत बांधकामाला परवानगी देऊ नये, असे त्यात स्पष्ट सांगण्यात आले. आधीपासून असलेल्या बांधकामांबाबत मात्र राज्यांनी प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासून निर्णय घ्यावा, असे न्यायालयाने म्हटले. या दोन वाक्यांतला फरक महत्त्वाचा आहे. नव्यासाठी सरसकट बंदी, जुन्यासाठी प्रकरणागणिक विचार.

महाराष्ट्राने ५ मे २०११ च्या शासन निर्णयाद्वारे या विचाराची पद्धत ठरवली. बांधकामांचे तीन वर्ग करण्यात आले : नियमित करता येण्याजोगी, पाडावयाची आणि स्थलांतरित करावयाची. पुढे १ मे १९६० पूर्वीची बांधकामे आणि २९ सप्टेंबर २००९ नंतरची बांधकामे यांत भेद करण्यात आला. राज्यस्थापनेपूर्वीच्या बांधकामांकडे सहानुभूतीने पाहायचे आणि न्यायालयाच्या आदेशानंतरच्या बांधकामांची गय करायची नाही, असा त्याचा ढोबळ अर्थ. मुंबई उच्च न्यायालयात ‘सोसायटी फॉर फास्ट जस्टिस’ या संस्थेच्या जनहित याचिकेमुळे अंमलबजावणीचा पाठपुरावा वर्षानुवर्षे झाला. ३१ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रकरण निकाली काढून देखरेखीची जबाबदारी उच्च न्यायालयांकडे सोपवली.

कागदावर ही पद्धत नेटकी दिसते. तिच्यात एक उणीव आहे. हे तिन्ही वर्ग ‘अनधिकृत धार्मिक बांधकाम’ या एकाच शीर्षकाखाली येतात. एखादी वास्तू त्या यादीत गेली की पहिला शिक्का ‘अनधिकृत’ असाच बसतो आणि मग ती जुनी आहे हे सिद्ध करण्याचे ओझे ती सांभाळणाऱ्यांवर येते. शंभर वर्षांपूर्वी गल्लीतल्या लोकांनी वर्गणी काढून बसवलेल्या दगडाचा परवाना कोणाकडे असणार? तेव्हा तो लागत होता का, हाही प्रश्नच आहे. मालमत्ता पत्रक, नगर भूमापनाचा नकाशा, जुने छायाचित्र, चर्चच्या दप्तरातील नोंद यांपैकी काही सापडले तर वास्तू तरते. नाही सापडले तर शंभर वर्षांचा दगड आणि गेल्या वर्षीचा सिमेंटचा चौथरा एकाच रकान्यात बसतात.

वांद्र्याच्या बाजार रस्त्यावर हेच घडले. २९ एप्रिल २०१७ रोजी मुंबई महापालिकेच्या पथकाने तेथील क्रूस हटवला. तो १८९५ चा असून खासगी जागेत आहे, असे रहिवाशांचे म्हणणे होते. महापालिकेच्या लेखी तो अनधिकृत धार्मिक बांधकामांवरील कारवाईचा भाग होता. ख्रिस्ती समाजाने त्याच जागी प्रार्थना करून निषेध नोंदवला. जागेच्या मालकीचा वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. १८९५ या आकड्याची शहानिशा हातोडा पडण्यापूर्वी व्हायला हवी होती आणि तिचा निष्कर्ष जाहीर असायला हवा होता. दगड फुटल्यावर वयाचा पुरावा शोधून काही उपयोग नसतो.

क्रॉस मैदान आणि बाजार रस्ता यांत अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरचे. एका क्रुसाने मैदानाला आपले नाव दिले, दुसऱ्याला यादीत क्रमांक मिळाला. दोहोंतील फरक श्रद्धेच्या मोजमापाने सांगता येणार नाही. तो नोंदीचा फरक आहे.

शहागंजचा अनुभव

मराठवाड्याच्या राजधानीसाठी हा विषय दूरचा नाही. २०१७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानंतर येथील महापालिकेनेही अनधिकृत धार्मिक स्थळांवर कारवाई सुरू केली होती. यादीतील स्थळांची संख्या मोठी होती आणि त्यांत सर्व धर्मांची स्थळे होती. कारवाईला ठिकठिकाणी विरोध झाला, लोकप्रतिनिधी रस्त्यावर उतरले, यादीच्या अचूकतेवर आक्षेप घेतले गेले. खासगी जागेतील स्थळे यादीत आली, जुनी स्थळे नवी म्हणून नोंदली गेली, अशा तक्रारी होत्या. अखेर आक्षेप आणि सुनावणीच्या मार्गाने विषय थंडावला. यादी कशी करावी, याचा धडा मात्र तेव्हा गिरवला गेला नाही.

त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच मे २०१८ मध्ये मोतीकारंजा भागात बेकायदा नळजोडण्या तोडण्याच्या कारवाईवरून तणाव निर्माण झाला. एका धार्मिक स्थळाची जोडणी तोडली, दुसरीकडे डोळेझाक केली, अशी चर्चा पसरली आणि ११ मेच्या रात्री दंगल उसळली. गांधीनगर, राजाबाजार, शहागंज या भागांत दगडफेक व जाळपोळ झाली, दुकाने आणि वाहने खाक झाली, दोन जणांचा बळी गेला. ज्या शहागंजच्या हौदाने उन्हाळ्यात तहान भागवल्याची नोंद इतिहासकाराने केली, त्याच शहागंजात तीनशे वर्षांनी ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या जोडणीवरून ठिणगी पडली.

त्या दंगलीची कारणे अनेक होती आणि ती एका नळापुरती नव्हती. तरीही प्रशासनासाठी त्यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. कारवाई योग्य की अयोग्य यापेक्षा ती सर्वांना समान आहे की नाही, याकडे जुन्या वस्त्यांचे डोळे लागलेले असतात. समानता दाखवायची तर आधी निकष जाहीर असावे लागतात. निकष जाहीर नसले की जागा अफवा घेते.

या शहरातील ख्रिस्ती वारसा आकाराने लहान आहे, म्हणूनच तो अधिक सहज विसरला जाणारा आहे. छावणीतील चर्च, जुन्या दफनभूमीतील थडगी आणि एकोणिसाव्या शतकात येथे आलेल्या चर्च मिशनरी सोसायटीच्या कामाच्या खुणा यांची चर्चा बीबी का मकबरा, पाणचक्की किंवा शहराच्या दरवाजांच्या तुलनेत क्वचितच होते. मोठ्या समाजाच्या वास्तूमागे संघटना, वकील आणि मतपेटी उभी राहते. लहान समाजाच्या वास्तूमागे बहुतेकदा एखादी वृद्ध व्यक्ती आणि तिच्या पेटीतला पिवळा पडलेला कागद असतो. नोंदीचे काम नागरिकांच्या खटपटीवर सोडले, तर त्याचा पहिला फटका कोणाला बसणार हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसरी बाजूही खरी

याचा अर्थ सार्वजनिक जागेवरील प्रत्येक धार्मिक खूण पवित्र मानून सोडून द्यावी, असा होत नाही. शहरांतील उद्याने आधीच आक्रसत आहेत. एका कोपऱ्यात दगड येतो, त्याला शेंदूर, हिरवी चादर किंवा फुलांची माळ चढते. मग ओटा, मग पत्र्याचे छप्पर, मग लाद्या, मग दानपेटी आणि शेवटी ‘प्राचीन’ अशी पाटी. हा क्रम महाराष्ट्रातील कोणत्याही शहरवासीयाने पाहिलेला आहे. मुलांची खेळायची जागा गेली तरी तोंड उघडण्याची कोणाची हिंमत होत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश याच अनुभवातून आला आणि तो आवश्यकच होता.

ही बंदी केवळ धर्मस्थळांपुरती राहिली नाही. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ व सार्वजनिक उपयोगाच्या अन्य जागांवर पुतळे किंवा तत्सम बांधकाम उभारण्यास परवानगी देऊ नये, असेही बजावले. म्हणजे देव असो वा महापुरुष, रस्ता आधी नागरिकाचा. तत्त्व म्हणून यात खोट काढता येत नाही.

खरी जुनी वास्तू आणि जुनेपणाचा आव आणणारे नवे बांधकाम यांतला फरक ओळखण्याची यंत्रणा नसणे, ही गोष्ट मात्र दोन्ही बाजूंचे नुकसान करते. यंत्रणा नसली की खरा वारसा पाडला जातो आणि खोटा वारसा तगतो. खोट्याच्या मागे बहुधा अधिक मोठा जमाव असतो.

अमेरिकेतील निवाडा

हाच पेच अमेरिकेतही आला होता आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाला त्याचा निकाल द्यावा लागला. वॉशिंग्टन शहराजवळ मेरीलँड राज्यात ब्लेडन्सबर्ग येथे सुमारे चाळीस फूट उंचीचा ‘पीस क्रॉस’ आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या त्या परगण्यातील ४९ जणांच्या स्मरणार्थ तो १९२५ मध्ये पूर्ण झाला. १९६१ मध्ये ती जागा उद्याने व नियोजनाचे काम पाहणाऱ्या सरकारी आयोगाकडे आली. सरकारी जागेवर आणि सरकारी खर्चाने ख्रिस्ती चिन्हाची देखभाल करणे घटनाबाह्य आहे, असा दावा २०१४ मध्ये दाखल झाला. २०१७ मध्ये अपिलीय न्यायालयाने दावेदारांच्या बाजूने कौल दिला. २० जून २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने तो फिरवला आणि क्रूस जागेवर राहिला.

बहुमताचा युक्तिवाद लक्षात घेण्याजोगा आहे. काळाच्या ओघात स्मारकाचा अर्थ पालटतो आणि विस्तारतो, मूळ हेतू कोणता होता हे सांगणेही कठीण होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले स्मारक सरकारने आता हटवले तर ते तटस्थतेऐवजी वैराचे लक्षण वाटू शकते, असे न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांच्या निकालपत्राचे सूत्र होते. म्हणून जुन्या स्मारकांना एक माप आणि नव्या बांधकामांना दुसरे. असहमत असलेल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनीही तितकाच टोकदार मुद्दा मांडला. क्रूस हे ख्रिस्ती धर्माचेच चिन्ह आहे, ते सर्वधर्मीय मृतांचे प्रतिनिधित्व करत नाही आणि सरकारी जागेवर ते ठेवल्याने एका धर्माला झुकते माप मिळते, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतीय राज्यघटनेतील धर्मनिरपेक्षतेची घडण अमेरिकेहून वेगळी आहे. येथे राज्यसंस्था आणि धर्म यांच्यात भिंत नाही, सर्व धर्मांपासून समान अंतर अपेक्षित आहे. त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच : तेथे दोन्ही पक्षांना सविस्तर बाजू मांडता आली, स्मारकावरील ४९ नावांपासून जमिनीच्या हस्तांतरापर्यंत सगळा इतिहास नोंदीवर आला आणि पाच वर्षे निकाल लागेपर्यंत क्रूस उभा होता. आधी इतिहास तपासला गेला, निर्णय नंतर झाला.

नवी मार्गदर्शक तत्त्वे, जुनी फट

भारतात १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामांबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने किमान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणीची संधी, कारणांसह आदेश आणि पाडकामाचे चित्रीकरण बंधनकारक केले. ‘बुलडोझर’ कारवायांना चाप लावणारा निकाल म्हणून त्याचे स्वागत झाले. मात्र रस्ता, पदपथ, लोहमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय अशा सार्वजनिक जागेवरील अनधिकृत बांधकामांना ही तत्त्वे लागू होणार नाहीत, असेही त्यात नमूद आहे.

रस्ता अडवणाऱ्या बांधकामाला संरक्षण मिळू नये, हा या अपवादाचा हेतू रास्तच आहे. पण सार्वजनिक जागेवरची शतकभर जुनी, नोंद नसलेली स्मृतिचिन्हे याच अपवादात अडकण्याचा धोका आहे. ज्या वास्तूला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तिच्यासाठीच नोटिशीची हमी सर्वांत कमकुवत. ही फट न्यायालयाने बुजवावी अशी वाट पाहण्याचे कारण नाही. ती बुजवण्याची साधने महापालिकांच्या हाती आधीच आहेत.

नोंदवही आधी, हातोडा नंतर

राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत वारसा वास्तू व परिसर यांच्या संवर्धनाची तरतूद आहे. वारसा यादी तयार करणे, श्रेणी ठरवणे, हरकती मागवणे, समितीचा सल्ला घेणे या सर्व गोष्टी त्यात अभिप्रेत आहेत. अडचण अशी की वारसा यादी म्हटले की डोळ्यांपुढे दरवाजे, महाल, मकबरे आणि मनोरे येतात. चार फुटांचा क्रूस, विहिरीकाठचा शिलालेख, पिंपळाखालची वीरगळ, गल्लीतला तकिया किंवा साथीत गेलेल्यांच्या नावाचा दगड त्या यादीपर्यंत पोहोचत नाही. अनधिकृत बांधकामांची यादी अतिक्रमण विभाग करतो, वारसा यादी दुसराच विभाग करतो आणि दोन्ही याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या जात नाहीत. हा दोष कायद्याचा नाही, कार्यपद्धतीचा आहे.

त्यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. सार्वजनिक जागेवरील प्रत्येक धार्मिक वा स्मृतिविषयक वास्तूची एकच नोंदवही असावी. तिच्यात वास्तूचे छायाचित्र, मोजमाप, नगर भूमापन क्रमांक, उपलब्ध पुरावा आणि ती वाहतुकीला किंवा उद्यानाच्या वापराला अडथळा करते का याची नोंद असावी. वय ठरवण्याचे काम अतिक्रमण निरीक्षकावर सोडू नये. पुरातत्त्व विभाग, विद्यापीठाचा इतिहास विभाग आणि पुराभिलेख यांच्याकडून ते करून घ्यावे. मराठवाड्यात तर बरेच दप्तर निजामकालीन उर्दू व फारसीत आहे, तेव्हा ते वाचणाऱ्याची मदत लागणारच. यादी वॉर्डनिहाय जाहीर करून हरकतींना पुरेसा अवधी द्यावा. आणि ज्या वास्तूबाबत वाद आहे, तिचा निर्णय कारणांसह लेखी व्हावा, मग ती कोणत्याही धर्माची असो.

निकषही साधे ठेवता येतील. वास्तू ठरावीक तारखेपूर्वीची आहे का? ती एखाद्या घटनेशी, साथीशी, युद्धाशी किंवा व्यक्तीशी जोडलेली आहे का? तिचा मूळ आकार कायम आहे की भोवती नवे बांधकाम वाढले आहे? हा शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. मूळ दगड वारसा असू शकतो, त्याभोवतीचा गेल्या दहा वर्षांतला सभामंडप वारसा नसतो. दगड ठेवून मंडप हटवणे, हा मार्ग आजच्या तीन रकान्यांत स्पष्टपणे कुठेच नाही. तो असता तर कित्येक वाद दोन्ही बाजूंच्या समाधानाने मिटू शकले असते.

उद्यानातील वास्तूंबाबत आणखी एक पथ्य पाळावे लागेल. स्मारक म्हणून संरक्षण घेतले की स्मारकाची शिस्तही स्वीकारावी लागते. विस्तार नाही, ध्वनिवर्धक नाही, देणगीपेटी नाही, जागेला कुंपण नाही, आणि माहितीचा फलक सर्वांना वाचता येईल असा. क्रॉस मैदानावर क्रूस आहे, त्याच्या भोवती उद्यान आहे आणि दोहोंपैकी कोणी कोणाची जागा बळकावलेली नाही, म्हणून तेथील सहजीवन टिकले. संरक्षण मागणाऱ्या समाजांनीही हे भान ठेवणे अपेक्षित आहे.

पुण्याजवळ खडकीच्या युद्ध दफनभूमीत राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाने उभारलेला मोठा क्रूस आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील दीड हजारांहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत आणि त्यांतील प्रत्येकाची नोंद आयोगाकडे आहे. सैन्यातला हुद्दा कोणताही असो, प्रत्येकाचे नाव तितक्याच काळजीने जपले जाते. हिरवळ कातरलेली, फलक वाचता येणारा, नोंद तपासता येणारी. त्या क्रुसाविषयी वाद झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. जपणूक आणि नोंद एकत्र असली की धार्मिक चिन्हही सर्वांच्या आदराचे स्मारक होऊ शकते, याचे ते जवळचे उदाहरण आहे.

शहागंजच्या घड्याळाला नवे रूप मिळाले, ही आनंदाची बाब आहे. मनोऱ्याचे जतन झाले कारण त्याच्याविषयी दुमत नव्हते. वारसा जपण्याची खरी परीक्षा दुमत असते तेथे होते : जो दगड एकाला देव, दुसऱ्याला आठवण आणि तिसऱ्याला अडथळा वाटतो, त्याच्यापाशी. न्यायालयाचा पुढचा आदेश, पुढची मुदत आणि पुढची यादी कधी येईल हे सांगता येत नाही. ती येईल तेव्हा महापालिकेच्या हाती तपासलेली नोंदवही असावी. नाहीतर निर्णय पुन्हा एकदा घाईत होईल, आणि त्याची किंमत शहागंजसारख्या बाजारपेठेतील दुकानदार व रहिवासी मोजतील. ती किंमत किती असते, हे या चौकाने मे २०१८ मध्ये पाहिले आहे.